गाठ कुठल्या नसेची?

मंगळवार, रात्र

आजच्या ओपीडीतल्या बाई डोक्यातून जात नाहीत. मानेत एका बाजूला गाठ, न दुखणारी, बरीच वर्षं हळूहळू वाढलेली. सुई तपासणीच्या रिपोर्टवर 'स्पिंडल पेशी, निश्चित निदान नाही' एवढंच; स्पिंडल म्हणजे चातीसारख्या लांबट. नसेच्या आवरणातून वाढणाऱ्या गाठींच्या, म्हणजे श्वानोमाच्या, बाबतीत असं वारंवार होतं. त्यात सुई नसेला लागली की कळ जाते ती वेगळीच.

गाठ बोटांखाली डावी-उजवीकडे सरकत होती, वर-खाली मात्र हलेना. नसेच्या आवरणातून वाढलेली गाठ अशीच असते. पण कॅरोटिड बॉडीची, म्हणजे मानेतली मोठी धमनी दुभागते तिथल्या पेशीपुंजाची, गाठही अशीच सरकते, तेव्हा तेवढ्यावर विसंबता येत नाही. जरा दाबलं तर बाईंना कोरडा ठसका लागला. थांबून पुन्हा दाबलं, पुन्हा ठसका. तिथेच व्हेगसचा, म्हणजे मेंदूतून मानेमार्गे खाली जाणाऱ्या, स्वरयंत्रालाही फाटे देणाऱ्या नसेचा, संशय बळावला.

एमआरआय मी रेडिओलॉजिस्टशेजारी बसून पाहिला. टी2 नावाच्या प्रकारच्या चित्रात गाठ पांढरीशुभ्र, आणि कॅरोटिड धमनी व जुगुलर शीर यांच्या मधे घुसून दोघींना दूर सारलेलं. व्हेगसची गाठ असंच करते; सिंपथेटिक साखळीची (मानेतून डोळ्याकडेही जाणाऱ्या नसांच्या साखळीची) गाठ बहुधा दोघींना एकत्रच पुढे ढकलते. धमनीचे दोन फाटे फाकलेले नव्हते, आत रक्तप्रवाहाचे काळे ठिपकेही नव्हते, म्हणजे कॅरोटिड बॉडीची शक्यता जवळजवळ मिटली. अशा जागच्या गाठीत चांगला एमआरआय आधी, सुई नंतर, हे माझं ठाम मत आहे. श्वानोमावर शेवटचं शिक्कामोर्तब पॅथॉलॉजिस्टच करणार, एस-100 हे अशा पेशींतलं खुणेचं प्रथिन तपासून.

पण नस कुठली, हे ऑपरेशनआधीच कळायला हवं. व्हेगस असेल तर आवाज बसू शकतो, गिळताना ठसका लागू शकतो. सिंपथेटिक असेल तर पापणी खाली येते, बाहुली बारीक होते. कवच उघडून आतली गाठ तेवढी सोलून काढली, तरी नस पूर्ववत राहील याची हमी कुणी देऊ शकत नाही. आणि या बाई शिक्षिका आहेत.

"डॉक्टर, वर्गात बोलता येईल ना?" त्यांनी विचारलं. मी सगळं खरं ते सांगितलं. स्वरयंत्राची तपासणी केली, दोन्ही स्वरतंतू आज नीट हलतायत. गाठ सौम्य दिसते, वाढ संथ आहे, त्यामुळे नुसतं लक्ष ठेवणं हाही रास्त पर्याय आहे. त्यांनी तोच निवडला. पुढचा एमआरआय सहा महिन्यांनी. मधे आवाज बदलला, गिळायला त्रास झाला किंवा गाठ भरभर वाढली, तर लगेच यायचं, हे त्यांच्या फाईलवर मोठ्या अक्षरांत लिहून दिलंय.