निकेल जिथे चढलं नाही

भोसरीतल्या आमच्या लाइनवर एबीएस या प्लास्टिकच्या नॉबवर क्रोम चढतं. प्लास्टिकमधून वीज वाहत नाही, म्हणून आधी विजेशिवाय निकेलचा पातळ थर बसवतात. तो सुरू होतो पॅलेडियमच्या अतिसूक्ष्म कणांवर. हे कण लावते ती ॲक्टिव्हेटरची टाकी. काळपट तपकिरी द्रावण, लिटरला जेमतेम चाळीस-पन्नास मिलिग्रॅम पॅलेडियम, तरी मालकांचा सगळा जीव तिच्यातच.

त्या सकाळी निकेलमधून लोड वर आला आणि काका ओरडले, "मॅडम, स्किप आहे!" करड्या निकेलमध्ये उघड्या प्लास्टिकचे डाग. सुपरवायझरचं निदान तयारच होतं: ॲक्टिव्हेटर मेला, पॅलेडियम घाला. आमच्याकडे कुठल्याही दुखण्यावर आधी तेच औषध सुचतं. पण लॅबमध्ये पॅलेडियम बरोबर भरलं, त्याला सांभाळणारं टिनही.

मी नॉब फिरवून बघत बसले. डाग वाटेल तिथे नव्हते. प्रत्येक नॉबवर जिगचं, म्हणजे नॉब अडकवून टाक्यांत बुडवायच्या सांगाड्याचं, बोट टेकतं तिथेच होते, आणि तिथून खाली ओघळ आल्यासारखा एक उघडा पट्टा. टाकी कमजोर असती तर डागांनी अशी जागा कशाला धरली असती? मग ॲक्टिव्हेटरच्या आधीच्या न्यूट्रलायझरच्या टाकीतून धुऊन निघालेला एक रिकामा जिग उचलला. प्लास्टिसॉल या मऊ प्लास्टिकचा हिरवा कोट बोटाच्या मुळाशी चिरला होता. ग्लोव्ह घातलेल्या अंगठ्याने तिथे दाबलं, तर पिवळसर थेंब बाहेर आला. फिल्टर पेपरवर टिपून आम्लात डायफिनाइलकार्बाझाइडचा थेंब टाकला. कागद गर्द जांभळा.

"आयला, एवढं धुऊन?" काका म्हणाले.

म्हणजे हेक्स, षट्संयुजी क्रोमियम. ते येतं सुरुवातीच्या एचिंगच्या टाकीतून. तिथे क्रोमिक आणि सल्फ्युरिक ॲसिड असतं, पासष्ट-सत्तर अंशांना. ते एबीएसच्या पृष्ठभागावरचे रबराचे कण खाऊन टाकतं. त्या खळग्यांत पुढे निकेल पाय रोवतं. न्यूट्रलायझरमधलं बायसल्फाइट हेक्सचं त्रिसंयुजी क्रोमियम करतं, पण वरवरचं. चिरेत मुरलेलं तसंच राहतं आणि पुढे झिरपतं. पॅलेडियमच्या कणांना सांभाळणाऱ्या स्टॅनस टिनचं ते ऑक्सिडेशन करतं, आणि जिथे ओघळतं तिथे निकेलला सुरुवातच करू देत नाही. टाकीतलं टिन अजून शाबूत होतं, हे नशीब. आणखी चार शिफ्ट असेच जिग बुडाले असते तर पॅलेडियम गाळ होऊन तळाशी बसलं असतं.

सुपरवायझर म्हणाले, "मग क्रोम शोषणारच नाही असा कोट द्या ना जिगला." ऐकायला सरळ वाटतं, पण इथेच मेख आहे. ॲक्टिव्हेटरमध्ये जिगही बुडतो, पॅलेडियम त्यालाही लागू शकतं. तरी जिगवर निकेल चढत नाही ते कोटात मुरलेल्या त्या थोड्या हेक्समुळेच. परमँगनेटने एचिंग करणाऱ्यांना हाच त्रास होतो: हेक्स नाही, म्हणून जिगही चकाकायला लागतात आणि धातू फुकट जातो. आम्हाला हेक्स कोटात हवंय, चिरेत साचलेलं नकोय.

चिरलेले जिग त्याच दुपारी बाजूला काढले, बाकीच्यांना न्यूट्रलायझरमध्ये वेळ वाढवून दिला. संध्याकाळचा लोड स्वच्छ निघाला. कोटिंगवाल्याचं कोटेशन बघून मालकांनी कपाळाला हात लावला. मी शेजारी पॅलेडियमचं मागचं बिल ठेवलं, तेव्हा सही झाली.