स्लॅकवेअरसाठी स्वतः पॅकेज बांधताना

सोर्स कोड उतरवून घ्यावा, ‘कॉन्फिगर’, ‘मेक’ आणि ‘मेक इन्स्टॉल’ या आज्ञा द्याव्यात, की बरेचसे सॉफ्टवेअर लिनक्सवर चालू लागते. परंतु शेवटच्या आज्ञेने कोणकोणत्या फाइली कुठे टाकल्या याची नोंद प्रणालीजवळ राहत नाही, आणि तेच सॉफ्टवेअर पुढे काढायचे झाले की शोधाशोध सुरू होते. म्हणून केवळ स्वतःच्या संगणकापुरते असले तरी त्याचे रीतसर पॅकेज, म्हणजे नोंदीसह बसवता आणि काढता येणारा फाइलींचा गठ्ठा, बांधावे, असे मला ठामपणे वाटते. हे काम शिकण्यासाठी मी स्लॅकवेअरच सुचवेन. पॅट्रिक फोल्करडिंग यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लिनक्सच्या या वितरणात पॅकेजची संपूर्ण कृती ‘स्लॅकबिल्ड’ नावाच्या साध्या शेल स्क्रिप्टमध्ये, म्हणजे ओळीने लिहिलेल्या आज्ञांच्या फाइलीत, असते, आणि ती वरपासून खालपर्यंत वाचली की काहीही झाकलेले उरत नाही.

साऱ्या कृतीचा गाभा ‘डेस्टडिर’ या चलात (व्हेरिएबलमध्ये) आहे. ‘मेक इन्स्टॉल’ला हे चल दिले की फाइली प्रणालीच्या खऱ्या ‘यूएसआर’ डिरेक्टरीत न जाता एका रिकाम्या डिरेक्टरीत, मात्र त्याच मांडणीने, जमा होतात. ‘मेकपीकेजी’ त्या डिरेक्टरीचे पॅकेज करते, ‘इन्स्टॉलपीकेजी’ ते बसवताना फाइलींची यादी लिहून ठेवते आणि ‘रिमूव्हपीकेजी’ त्याच यादीवरून त्या काढते. अडचण येते ती हाताने लिहिलेल्या काही मेकफाइलींची, म्हणजे ‘मेक’ला सूचना देणाऱ्या फाइलींची, कारण त्या या चलाकडे लक्षच देत नाहीत आणि स्क्रिप्ट सहसा रूट (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून चालवली जात असल्याने फाइली थेट प्रणालीत जाऊन पडतात. त्यामुळे अनोळखी मेकफाइल आधी वाचावी, आणि गरज पडल्यास फाइली स्वतः ‘इन्स्टॉल’ आज्ञेने जागी ठेवाव्यात.

रूटचा विषय निघालाच आहे, तर एखादी आज्ञा फसताच स्क्रिप्ट थांबवणारी ‘सेट -ई’ ही ओळ स्क्रिप्टच्या आरंभी असलीच पाहिजे. टारबॉल, म्हणजे सोर्स कोडची एकत्र बांधलेली फाइल, उलगडल्यावर स्क्रिप्ट त्या डिरेक्टरीत शिरते आणि आतील फाइलींची मालकी रूटकडे देते; शिरणे फसले आणि स्क्रिप्ट तिथेच थांबली नाही, तर भलत्याच डिरेक्टरीतील फाइलींची मालकी बदलते.

मला सर्वांत विचारपूर्वक केलेली वाटते ती ‘डूइन्स्ट’ या छोट्या स्क्रिप्टमधील रीत. ‘ईटीसी’ डिरेक्टरीत जाणारी सेटिंगची फाइल पॅकेजमध्ये नावाच्या शेवटी ‘.न्यू’ जोडून ठेवतात. पॅकेज बसताना जुनी फाइल नसेल तर ही स्क्रिप्ट नवीचे नाव बदलून ती वापरात आणते, दोन्ही तंतोतंत सारख्या असतील तर नवी काढून टाकते, आणि वेगळ्या असतील तर जुनीला हात न लावता नवी तिच्या शेजारी राहू देते, म्हणजे वापरणाऱ्याला दोन्ही ताडून पाहून काय घ्यायचे ते स्वतः ठरवता येते.