सुरुंगावर झोपलेला माणूस

२५ मार्च २००२ ची सकाळ मला अजून लख्ख आठवते. मी नववीत होते, शाळा दुपारची, त्यामुळे ऑस्कर लाइव्ह बघायला सगळं घर सकाळीच टीव्हीसमोर. लगानला मिळणार याची आम्हाला खात्रीच होती, त्यात आशुतोष गोवारीकर आपला माणूस, आईने तर देवापाशी दिवा लावून ठेवलेला. आणि पाकिटातून नाव निघालं ते नो मॅन्स लँड, देश बोस्निया. कुठला बोस्निया, कोण हा दानिस तानोविच, काहीच माहीत नव्हतं, पण न बघताच आम्ही त्या सिनेमाचा राग धरला आणि माझा तर तो पुढे कितीतरी वर्षं टिकला.

सिनेमा बघितला तो मागच्या दिवाळीत. मामांकडे, कोरेगाव तालुक्यात. मामा फौजेतून रिटायर झालेत आणि ते स्वतः निळी टोपी घालून यूएन मिशनवर वर्षभर काँगोला जाऊन आलेत, म्हणून मी मुद्दाम त्यांच्यासोबत बघायचा ठरवला. मोबाईल टीव्हीला जोडला, इंग्रजी सबटायटल मी जमेल तसं मराठीत सांगत होते.

गोष्ट अगदी छोटी आहे (शेवटही सांगणार आहे, ज्यांना आधी बघायचाय त्यांनी इथेच थांबा). १९९३ साल. रात्री धुक्यात बोस्नियाक (म्हणजे बोस्नियातले मुस्लिम) सैनिकांची एक तुकडी वाट चुकते, उजाडल्यावर कळतं की आपण थेट सर्बांच्या समोर उभे आहोत, गोळीबार होतो आणि एक जण, चिकी, दोन्ही फौजांच्या मधल्या खंदकात जाऊन पडतो. तिकडून दोन सर्ब तपासायला येतात. त्यातला वयस्कर खंदकात पडलेल्या एका बोस्नियाक सैनिकाच्या प्रेताखाली सुरुंग ठेवतो, म्हणजे त्याचे लोक प्रेत उचलायला आले की सगळेच उडतील. चिकी लपून बघत असतो, तो त्या म्हाताऱ्याला गोळी घालतो आणि दुसरा, निनो नावाचा नवखा पोरगा, जखमी होतो. आणि मग ते प्रेत डोळे उघडतं. सेरा मेलेलाच नसतो. बेशुद्ध असतो फक्त.

इथे मामा पुढे सरकून बसले. म्हणाले, "जंपिंग माईन आहे ती. वजन हललं की कमरेएवढी उडते आणि मग फुटते." मग जरा वेळाने, "हलला नाही तर जिवंत."

तर असे तिघं. एक पाठीखाली सुरुंग घेऊन पडलेला, दोघं एकमेकांच्या जिवावर उठलेले. चिकी आणि निनो भांडतात की युद्ध सुरू कोणी केलं, तुम्ही की आम्ही, आणि ज्याच्या हातात बंदूक असेल तो दुसऱ्याकडून वदवून घेतो की तुम्हीच केलं. थोड्या वेळाने बंदूक दुसऱ्याच्या हातात जाते आणि उत्तर बदलतं. मधेच त्यांना कळतं की बान्या लुकातली एक मुलगी दोघांच्याही ओळखीची आहे, आणि तेवढा एक मिनिट ते दोन गाववाले वाटतात, एसटी स्टँडवर भेटल्यासारखे. भाषा एकच, शिव्यासुद्धा त्याच. मला तो एक मिनिट बघवला नाही खरं सांगते, कारण तो संपणार हे आपल्याला माहीत असतं.

मग येते शांतिसेना. दोन्ही बाजू कळवतात की खंदकात कोणीतरी आहे, बघा. अनप्रोफोर हे यूएनच्या त्या फौजेचं नाव, तिची पांढरी गाडी, निळी हेल्मेटं, तिथले लोक त्यांना स्मर्फ म्हणतात, कार्टूनमधल्या निळ्या बुटक्यांवरून. फ्रेंच सार्जंट मार्शां हा एकच माणूस आहे ज्याला खरंच काहीतरी करायचंय. तो खंदकापर्यंत जातो, तिघांना बघतो, आणि वरून हुकूम येतो की परत फिरा. आपलं ते काम नाही. त्याच्यावर ऑफिसर, त्याच्यावर ऑफिसर, प्रत्येक जण फोन वरच्याकडे ढकलतो. शेवटी एक टीव्हीवाली रिपोर्टर रेडिओवरचं बोलणं ऐकते आणि मार्शां तिलाच हाताशी धरतो, बातमी होईल या भीतीने तरी साहेब हलतील म्हणून. साहेब हलतात. कर्नल सॉफ्ट हेलिकॉप्टरने येतात.

आता हे खोटं वाटेल म्हणून थोडं खरं सांगते, सिनेमा बघून झाल्यावर मी बरंच वाचत बसले होते. अनप्रोफोर फेब्रुवारी १९९२ मध्ये मंजूर झाली ती मुळात क्रोएशियासाठी. हेडक्वार्टर ठेवलं शेजारच्या बोस्नियात, साराजेव्होला, आणि ते मांडून होतंय तोवर एप्रिलमध्ये बोस्नियातच युद्ध पेटलं. या फोर्सचे पहिले कमांडर कोण होते तर लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार, आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीचे, १९७१ च्या युद्धातले वीरचक्र. मामांना हे माहीत होतं, मलाच नव्हतं. मार्च १९९३ मध्ये, म्हणजे वर्षभराने, नंबियार परत आले. बोस्नियात या सैनिकांचं काम काय ठरलं होतं तर विमानतळ चालू ठेवायचा, धान्य आणि औषधांचे ट्रक पोचवायचे. लढणाऱ्यांच्या मधे पडणं त्यात नव्हतं. म्हणजे उपाशी माणसापर्यंत पीठ पोचवायचं, पण त्याच्यावर नेम धरलेल्या बंदुकीबद्दल बोलायचं नाही.

पुढे स्रेब्रेनित्सा, बोस्नियातलंच एक गाव. एप्रिल १९९३ मध्ये यूएनने ठराव करून ते गाव सुरक्षित क्षेत्र म्हणून जाहीर केलं. लोक त्या शब्दावर विसंबून तिथे राहिले. जुलै १९९५ मध्ये बोस्नियन सर्ब फौजा आत आल्या तेव्हा तिथे डच शांतिसैनिक होते, हाती हलकी हत्यारं, मागितलेली हवाई मदत नीट मिळाली नाही, आणि पुढच्या काही दिवसांत आठ हजारांहून जास्त पुरुष आणि मुलगे मारले गेले. तळावर आसरा घेतलेल्यांना तळाबाहेर जावं लागलं. एप्रिल २००२ मध्ये या सगळ्याचा चौकशी अहवाल आला आणि नेदरलँड्सच्या विम कोक सरकारने राजीनामा दिला. तारीख बघा, ऑस्करनंतर महिनासुद्धा झाला नव्हता. इकडे मी लगानसाठी रडत होते.

तानोविच स्वतः साराजेव्होचा. सर्बांचा त्या शहराला वेढा पडला तेव्हा तो फिल्मचा विद्यार्थी होता आणि बोस्नियाच्या फौजेसोबत कॅमेरा घेऊन फिरला. मला वाटतं म्हणूनच त्याच्या सिनेमात कोणी भाषण ठोकत नाही, कोणाच्या मृत्यूवर व्हायोलिन वाजत नाही. सुरुवातीला एक सैनिक पेपर वाचत असतो आणि हळहळतो की अरेरे, रवांडात काय चाललंय. स्वतः कुठे बसलाय ते बघा आणि हळहळतोय कोणासाठी. आणि रवांडात १९९४ मध्ये कत्तल सुरू झाल्यावर, दहा बेल्जियन शांतिसैनिक मारले गेल्यावर, यूएनने फौज वाढवायच्या ऐवजी अडीच हजारांवरून २७० वर आणायचा ठराव केला.

शेवट सांगते. जर्मन सुरुंगतज्ज्ञ येतो, सेराच्या शेजारी आडवा पडून बघतो आणि कळतं की हा सुरुंग निकामी करता येत नाही. म्हणजे सेरा गेल्यात जमा. बाहेर चिकी निनोला गोळी घालतो, यूएनचा सैनिक चिकीला. कॅमेरे चालू. मग कर्नल सॉफ्ट ठरवतात की माणूस सुटला असं सांगायचं. खोटंच स्ट्रेचर निघतं, गाड्या निघतात, आणि रात्री दोन्ही बाजूंना कळवायची सोय होते की समोरचे खंदक घ्यायला येणार आहेत, म्हणजे दोघं मिळून तोफांनी पुरावाच संपवतील. कॅमेरामन रिपोर्टरला विचारतो, खंदकाचं शूट करू का, ती नको म्हणते, खंदक काय, सगळे सारखेच. तिच्या इतक्या जवळ, काही पावलांवर, तो पडलेला असतो. कॅमेरा वरून हळूहळू लांब जातो. सेरा एकटा, आकाशाकडे तोंड करून, न हलता.

सिनेमा संपला तरी मामांनी टीव्ही बंद केला नाही. मामी आतून जेवायला हाक मारत होत्या. मामा म्हणाले, "पाणी तरी ठेवायचं रे त्याच्या हाताशी." एवढंच.

तोवर आम्हाला मामांच्या काँगोच्या दोनच गोष्टी माहीत होत्या. एक गोमाजवळचा ज्वालामुखी, न्यिरागोंगो, रात्री त्याचं तोंड लाल दिसतं ती, आणि दुसरी गोरिलांची. त्या रात्री जेवण झाल्यावर ओट्यावर बसून त्यांनी तिसरी सांगितली. २००८ सालची. काँगोच्या उत्तर किवू प्रांतात त्यांची एक लहान पोस्ट होती. आसपासच्या गावात बंडखोर आले की अंधार पडायच्या आत बायका पोरं घेऊन, डोक्यावर चटई आणि भांडी घेऊन यायच्या आणि पोस्टच्या काटेरी तारेच्या बाहेर, दिव्याचा उजेड पडेल तेवढ्या पट्ट्यात झोपायच्या. सकाळी परत शेतावर. त्यांना वाटायचं निळं हेल्मेट आहे तिथे काही होणार नाही. मामा म्हणाले, "आमच्या कागदात लोकांना वाचवायचं असं लिहिलेलं होतं, बोस्नियासारखं नव्हतं. पण आम्ही मूठभर, आणि गावं डोंगराच्या पलीकडे किती. एका गावाला गाडी गेली की दुसऱ्या गावाला कळायचं आज इकडे कोणी नाही." तेव्हा त्या सगळ्या देशात मिळून यूएनची साधारण सतरा हजार माणसं होती, आणि तो देश आपल्या भारताच्या सत्तर टक्के एवढा. मामांना आकड्याची गरज नव्हती, ते तिथे उभे होते.

मार्शांसारखं कोणी होतं का तुमच्यात, मी विचारलं. ते म्हणाले, सगळेच असतात सुरुवातीला. एक बाई रोज तारेच्या त्याच खांबाजवळ झोपायची, पदरात तान्हं. भाषा येत नव्हती, पण पहारा बदलला की ती मान वर करून बघायची, आज कोण आहे. मामांची ड्युटी असली की ती पोराला तारेच्या बाजूला झोपवायची आणि स्वतः बाहेरच्या अंगाला. मामांची नसली की उलटं करायची का, हे त्यांना कधी कळलं नाही, आणि हे सांगताना ते एकदम गप्प झाले.

वर्ष संपलं, दुसरी पलटण आली. चार्ज द्यायचा होता. मामांनी दोन दिवस बसून सगळं लिहून दिलं, जनरेटर, ताडपत्र्या, तारेची भेंडोळी, वाळूची पोती किती, जेरीकॅन किती, एकेक मोजून सह्या घेतल्या. नव्या हवालदाराला बाजूला घेऊन खांबसुद्धा दाखवला. तो म्हणाला, साहेब, हे कुठे लिहू?