काकूची वही

आज मोठ्या काकूचे वर्षश्राद्ध झाले. दापोलीजवळच्या आमच्या घरी दुपारची पाने उठल्यावर माजघरातील फडताळ आवरताना तिची जुनी, कडा हळदीने पिवळ्या झालेली वही हाती लागली आणि मी तिथेच जमिनीवर बसून राहिलो. पुढच्या बाजूने वाण्याचा हिशेब आणि आजीच्या औषधांच्या वेळा, तर मागच्या बाजूने वाडीतील लहान मुलांची नावे लिहिली होती.

१९९५ साली पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली, तेव्हापासून डोसाच्या रविवारी सकाळचा स्वयंपाक उरकून ती घरोघर जात असे आणि बाळाच्या डाव्या करंगळीवर शाईची खूण दिसल्याशिवाय नावापुढे टिंब देत नसे. घरातल्या कोणाचे जेवण त्यापायी कधी चुकले नाही. तिचे स्वतःचे मात्र अनेकदा चुकले असावे, हे मला फार उशिरा कळले.

शेवटच्या पानांवर ३ जून २०२० ची, निसर्ग चक्रीवादळाची नोंद आहे. त्या दिवशी आमची पोफळीची बाग आडवी झाली, आणि दुसऱ्याच सकाळी ती शेजाऱ्यांसाठी चुलीवर मोठ्या टोपात पेज शिजवत होती. कोणाला ताडपत्री हवी, कोणाचे किती पत्रे उडाले, हे सारे तिने नीट लिहिले आहे. आमच्याही पडवीची कौले उडाली होती, पण त्या यादीत आमचे नाव नाही.

वहिनीने वही मागितली. मी ती तिच्या हाती दिली.