जुन्या गावाच्या वाटेवर

किल्लारी परिसरातल्या, भूकंपानंतर पुनर्वसित झालेल्या एका गावात मी समुदाय आरोग्य अधिकारी आहे. बीपीच्या गोळ्या न्यायला येणाऱ्यांत सत्तरी ओलांडलेल्या एक आजी होत्या. त्यांना स्मृतिभ्रंश असल्याचं लातूरच्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. बी-बारा, थायरॉइड, डोक्याचा सीटी स्कॅन सगळं झालं होतं. विसरण्याची काही कारणं औषधानं बरी होतात, ती आधी तपासावीच लागतात. आजींचा आजार अल्झायमरचा निघाला.

एके दिवशी उपकेंद्र उघडायच्या आधीच त्यांची सून दारात उभी. "मॅडम, आत्याला भिंतीवर माणसं दिसायलीत. लेकराला मारलं. रात्री दार उघडून जुन्या गावाकडं निघाल्या. सगळे म्हणायलेत बाहेरचं झालंय, देवाला न्या."

मी लगेच घरी गेले. आजी मध्येच गुंगीत जात होत्या, मध्येच अंगावरचं लुगडं ओढत होत्या. ओठांना पापुद्रे आलेले, जीभ कोरडी, नाडी जलद, ताप मात्र किरकोळ. स्मृतिभ्रंश हळूहळू वाढतो, दोन दिवसांत माणूस असा पालटत नाही. असं अचानक झालं की आधी दुसरं काही दुखणं शोधायचं. लघवीचं विचारलं तेव्हा सून खाली बघत म्हणाली, "रात्री अंथरूण ओलं व्हतंय म्हणून संध्याकाळपासनं पाणी कमीच देते." रोज पहाटे ती गोधडी धूत होती. तिला काय बोलणार?

आजींना रुग्णालयात हलवलं. लघवीत जंतुसंसर्ग निघाला. म्हातारपणी त्याचं पहिलं लक्षण कधी कधी ताप नसतं, भ्रमच असतो. सलाईन आणि औषधं चालू झाल्यावर काही दिवसांत भिंतीवरची माणसं गेली. विसरणं तेवढं राहिलं, ते जाणारही नव्हतं.

खरं अवघड पुढंच होतं. दिवेलागण झाली की आजी उठायच्या. "मला घरला जायचंय. धाकटी एकलीच हाय."

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणपती विसर्जनाची रात्र सरताना, भूकंपात त्यांचं माळवदाचं घर बसलं. दगडमातीच्या भिंतीखाली धाकटी लेक गेली. आजीला नवं काही आठवत नाही, पण ते घर, तिथला रांजण, दारातला लिंब सगळं आठवतं. आजारात जुन्या आठवणी उशिरा पुसतात. घरचे समजूत घालायला जायचे, "अगं ती गेली की भूकंपात!" आणि आजी दर वेळी ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखा हंबरडा फोडायच्या. म्हणजे एका आईला रोज संध्याकाळी लेक गेल्याची बातमी द्यायची. हे मला बघवेना.

मी सुनेला म्हटलं, खरं-खोटं करू नका. धाकटीबद्दल विचारा. तिला काय आवडायचं, शाळेत कुठं जायची. आजी सांगत बसल्या की उठणं विसरायच्या. मग पुढ्यात सुपात ज्वारी द्यायची. डोळ्यांना दिसो न दिसो, बोटं बरोबर खडा टिपतात, हातांना कामाची सवय राहते. पुनर्वसनातली घरं सारखीच, ओळीनं, म्हणून अंगणात गेल्या तरी आपलं दार त्यांना ओळखू यायचं नाही. मुलानं ते निळं रंगवलं, कडी वर उंच लावली. पाणी दिवसभर थोडं थोडं, झोपायच्या आधी तेवढं कमी.

सुनेचं बीपी मोजलं तर १६०/१०० निघालं. रात्रभर जागायची, सकाळी शेतात. तिला दोष देणारे गावात पुष्कळ होते, एखादी रात्र जागायला कुणी आलं नाही. मी तिला मोठ्या डॉक्टरांकडं पाठवलं, गोळ्या सुरू झाल्या. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर तिच्या फोनमध्ये घालून दिला. एका रात्री फारच असह्य झालं तेव्हा तिनं तो लावला, आणि पलीकडची बाई मराठीतच बोलली याचंच तिला अप्रूप.

पण फोनवर रात्रीची झोप मिळत नाही. लातूरला राहणारी नणंद रोज फोनवर सूचना द्यायची. एका रविवारी तिला बोलावून घेतलं, सगळ्यांदेखत सुनेचं बीपी सांगितलं आणि विचारलं, तुम्ही महिन्यातले किती दिवस घ्याल? बराच वेळ कुणी बोललं नाही. नणंद रडली, मग म्हणाली आठ. आजीला लातूरला न्यायचं नाही, अनोळखी घरात त्या जास्त बावरतील, तीच इथं येऊन राहील असं ठरलं. पहिल्या आठ दिवसांत सून माहेरी गेली.