पिवळी तार

मुंबईत भाऊच्या धक्क्यावरून मासळी वाहणारे पिकअप माझ्याकडे येतात ते जून-जुलैत. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, बोटी किनाऱ्याला, गाड्याही उभ्या. मग मालकांना ब्रेक, पत्रा, बॅटरी आणि टेप आठवतो. कॅसेट जाऊन जमाना झाला तरी ड्रायव्हर लोकांच्या तोंडी अजून टेपच. रे रोडला माझं एक शटर आहे आणि बाहेर एक गाडी उभी राहील एवढी जागा. चोवीस वर्षं मी हेच काम करतो.

जुलैतल्या एका दुपारी अशाच एका पिकअपचा शेठ नवा सेट घरूनच घेऊन आला होता. ब्लूटूथ, यूएसबी, एफएम. "जुना मध्येच बंद पडतो. फक्त बसवायचाय, किती घेणार?" मी तीनशे म्हणालो. नुसतं बसवायला फारसं काही लागत नाही. डॅशबोर्डमधली 180 बाय 50 मिलिमीटरची खाच ठरलेली, दोन बाजूंनी पट्ट्या सारल्या की जुना सेट बाहेर येतो, कपलर, म्हणजे तारा जोडायचा प्लग, बदलायचा, नवा आत ढकलायचा. वीस मिनिटं. पाऊस कोसळत होता, मागे अजून दोन गाड्या होत्या, आणि मी वीस मिनिटांतच ते काम उरकणार होतो.

तेवढ्यात क्लीनर बोलला. एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा, पायांत गमबूट.

"दादा, मोठा खड्डा लागला की टेप बंद पडतो. परत चालू होतो, पण सेव्ह केलेली स्टेशनं पुसली जातात. घड्याळ पण बारावर येतं."

"तू गप रे," शेठ म्हणाला. "टेपच गेलाय."

मी हातातल्या पट्ट्या खाली ठेवल्या. सेटला करंट देणाऱ्या दोन तारा असतात. लाल चावीवरची, चावी फिरवली की करंट येतो. पिवळी थेट बॅटरीची, चोवीस तास चालू, आणि घड्याळ, स्टेशनं, आवाजाचं सेटिंग सगळं तिच्या जिवावर. खड्ड्यात लाल सुटली तर गाणं थांबेल, पण स्टेशनं जागच्या जागी राहतील. स्टेशनं पुसली जातात म्हणजे पिवळीचा करंट तुटतोय, नाहीतर काळीची अर्थिंग. नवा सेट लावला असता तरी पुढच्या खड्ड्यात त्याचीही स्टेशनं पुसली गेली असती. त्या पोराने आजार अचूक सांगितला होता, फक्त त्याला ते माहीत नव्हतं.

आधी काळी पाहिली. खाऱ्या पाण्याने तिचं थिंबल, म्हणजे टोकाची धातूची कडी, हिरवं पडलं होतं, पण मीटरवर अर्थ ठीक मिळत होता. मग सेट काढून पिवळीच्या मागे हात घालत गेलो. स्टिअरिंगखालच्या लोखंडी ब्रॅकेटपाशी बोटाला ती कडक लागली. टॉर्च मारला. वीतभर लांबीत प्लास्टिक करपून तपकिरी झालं होतं, एका जागी तांबं उघडं, आणि समोर ब्रॅकेटच्या धारेवर बिब्ब्याएवढा काळा डाग. गाडी उसळली की तार धारेला टेकायची, ठिणगी पडायची, सेटचा करंट क्षणभर मरायचा.

मग फ्यूज का उडत नव्हता? बॅटरीजवळचा होल्डर उघडला. आत फ्यूजच नव्हता. तांब्याच्या तीन बारीक तारा पिळून दोन पात्यांमध्ये खोचल्या होत्या. म्हणजे आधीच्या फिटरकडे गाडी फ्यूज उडतो म्हणूनच आली असणार, आणि त्याने फ्यूज उडणं तेवढं बंद केलं. याची मला चीड येते. फ्यूज उडतो तेव्हा तो काहीतरी सांगत असतो, आणि आमच्यातलेच लोक त्याचं तोंड बंद करून पैसे घेतात. त्याच माणसाने तार वाचवायला उजव्या दारातल्या स्पीकरची मायनस थेट दाराच्या पत्र्याला जोडली होती. आजच्या सेटमध्ये स्पीकरच्या दोन्ही तारांवर साधारण सहा-सहा व्होल्ट असतात, मायनस बॉडीला लावली की आवाज वाढवणाऱ्या आतल्या चिपवर, आयसीवर, बेततं. तो स्पीकर मुका का, हे कोणी विचारलंच नव्हतं.

मी शेठला टॉर्चच्या उजेडात सगळं दाखवलं. नवी वायरिंग, बाराशे. तो म्हणाला, "गाणी वाजतात ना? तू टेप बसव." सेटच्या खोक्यासाठी लोक हजारो मोजतात, तारेसाठी कोणाचा हात खिशात जात नाही. मी म्हणालो, याच्यावर मी नवा सेट लावणार नाही, दुसरीकडे न्या.

तेव्हा मी पोराला विचारलं, "रात्री कुठे झोपतोस?"

"गाडीतच. धक्क्यावर नंबर लावून."

पिवळी तार चावी काढल्यावरही चालू असते. बॅटरी शॉर्टमध्ये शेकडो अँपिअर ओतू शकते, आणि त्या ब्रॅकेटच्या खालीच सीटचा फोम. मी हे शेठला मोठ्याने बोललो, सगळ्यांसमोर. असंही म्हणालो की याने तोंड उघडलं म्हणून तुमची गाडी वाचली. शेठ काही बोलला नाही, पण पोराकडे त्याने जसं पाहिलं ते मला दिसलं. अखेर सहाशे कबूल केले. मी काम पूर्ण केलं. दीड चौरस मिलिमीटरची नवी तार, इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून जाते तिथे भोकाच्या धारेला रबरी ग्रोमेट, म्हणजे रिंग, ब्रॅकेटपासून दूर टायने बांधलेली, प्रत्येक जोड सोल्डर करून वर स्लीव्ह, बॅटरीपासून वीतभर अंतरावर दहा अँपिअरचा लाल फ्यूज, स्पीकरला स्वतंत्र मायनस. रात्रीचे आठ वाजले. दोन्ही दारांतून आवाज आला तेव्हा पोरगा हसला आणि त्याने स्वतः स्टेशनं लावली, सहा.

ऑगस्टच्या शेवटी तोच पिकअप हेडलाइटसाठी आला. टेप चालू होता, घड्याळ बरोबर होतं. क्लीनर मात्र दुसराच होता. पहिला कुठे, विचारलं. शेठ म्हणाला, "गेला गावाला," आणि मोबाइल बघायला लागला. गेलाही असेल. पण मी त्याचं नाव सगळ्यांसमोर पुढे केलं नसतं तर, हा विचार अजून जात नाही. शेठला बाजूला घेऊन सांगता आलं असतं.

त्या नव्या मुलाला मी बॉनेटपाशी बोलावलं, होल्डर उघडून लाल फ्यूज दाखवला आणि दोन जादा फ्यूज त्याच्या हातात ठेवले. हा उडाला तर असाच दुसरा लाव, परत उडाला तर गाडी इथे आण, तार घालू देऊ नकोस कोणाला. "शेठला सांगू?" त्याने विचारलं. मी म्हणालो, नको, मला फोन कर.