पैसे आले पण कुठे

धाकटीचा इंजिनिअरिंगला कॅपमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, नंबर लागला आणि पेढे संपायच्या आत महाडीबीटीचा (राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलचा) फॉर्म माझ्या गळ्यात पडला, कारण काय तर लॅपटॉप माझ्याकडे. घरच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ८ लाख, त्यात ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना आधी निम्मी फी मिळायची, २०२४-२५ पासून पूर्ण. म्हणजे सोडण्यासारखी रक्कम नाहीच.

तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, रेशनकार्ड, अलॉटमेंट लेटर, सगळं २५६ केबीच्या आत बसवून चढवलं. बाबा मागे उभं राहून "झालं का गं" दर पाच मिनिटांनी.

खरी गंमत पुढे. फॉर्म मंजूर, पैसे जमा, पण पासबुक कोरं! आम्हाला वाटलं खात्याला आधार जोडलाय म्हणजे झालं, पण आधार लिंक वेगळं आणि एनपीसीआयचं सीडिंग (सरकारी पैसे आधारवरून कुठल्या खात्यात जायचे त्याची नोंद) वेगळं, पैसे जातात ते सीडिंग असलेल्या खात्यात, आणि ते निघालं अकरावीत कुठल्यातरी कॅम्पमध्ये उघडलेलं झिरो बॅलन्स खातं, ज्याचं एटीएम हरवलेलं आणि नंबर बंद पडलेल्या सिमचा. बँकेत दोन चकरा मारल्या तेव्हा पासबुकवर एन्ट्री उमटली, ती बाबांनी चष्मा लावून तीनदा वाचली. यंदा रिन्युअलच्या आधी मी पहिल्यांदा सीडिंगच चेक केलं. तुम्ही पण करा बाबांनो, आधारच्या साइटवर दोन मिनिटात दिसतं.